मातीच्या भिंतीला पाणी

त्र्याऐंशी सालच्या फाल्गुनात खजुरीच्या अंकुशरावांनी मळ्यातल्या विहिरीवर विजेची मोटार बसवली. त्याच महिन्यात त्यांच्या मुलीला, कस्तुराला, आपल्या मुलासाठी बघायला निंबर्ग्याचे रामराव येणार, असा निरोप आला. मळा घराला लागूनच होता, मोटारीचा रबरी पाइप अंगणात सहज पोचायचा. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी अंकुशरावांनी घर धुवायला काढलं.

घराचं तोंड शहाबादी दगडाचं. त्यावर वर्षानुवर्षांची धूळ आणि कबुतरांची घाण बसलेली. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जायची, आणि जिथं लागेल तिथला दगड निळसर, नव्यासारखा निघायचा. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघू लागली. अंकुशरावांना हुरूप चढला. त्यांनी बाजूच्या चुन्याच्या भिंतीवर धार धरली. चुन्याचे पापुद्रे निघून खाली पडले, तर ते म्हणाले, "मळ बघ किती व्हता!" दाराकडे वळले तेव्हा मात्र त्यांच्या बायकोनं, शोभाबाईनं, पाइप धरला.

"अवं, लाकूड फुगंल. दार मी ओल्या फडक्यानं पुसते, वरून करडीच्या तेलाचा हात देते. ऱ्हाऊ द्या ते."

दार राहिलं. मागच्या अंगणात शेजारच्या राजूबाईच्या घराची भिंत होती. भिंत तिची, पण तोंड यांच्या अंगणाकडे. कच्च्या विटांची, वरून मातीचा गिलावा, आणि अंगणातल्या चुलीच्या धुरानं वरपर्यंत काळी पडलेली. पाहुणे याच अंगणात बसणार होते.

राजूबाई विधवा, साठीला आलेली. गावात कुणाच्याही घरी लग्न असो की सण, भिंती करायला, म्हणजे झाडून-पोतारून द्यायला, तिलाच बोलावत. कुठल्या भिंतीला काय लागतं हे तिच्या हाताला ठाऊक होतं. पाइप घेऊन आलेल्या अंकुशरावांना बघून ती घाईनं बाहेर आली.

"अण्णा, हिला पाणी लावू नका. दगडाला चालतंय ते मातीला चालत न्हाई. हिला कोरड्या झाडूनं झाडायचं, आन् वरून पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा."

"अक्का, पाव्हणे उद्या येयलेत. कवा करणार तुमी?"

"आत्ता जाते की वढ्याला, माती आणते. दिवस मावळायच्या आत भिंत करून देते. तुमच्या कस्तुराचं काम, मला का जड हाय?"

ती टोपलं घेऊन ओढ्याकडे गेली. जाऊन यायला तासभर तरी लागणार होता. अंकुशरावांच्या हातात पाइप होता आणि पाइपला पाणी होतं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग धार सोडली. काजळी धुऊन निघाली. तिच्याबरोबर मातीही निघत होती, पाणी तांबडं होऊन भिंतीच्या बुडाशी साचत होतं. त्यांनी ते बघितलं आणि तरी भिंत पुरी केली.

राजूबाई आली तेव्हा भिंत ओलीचिंब होती. तिनं टोपलं खाली ठेवलं आणि भिंतीच्या बुडाला बोट लावलं. बोट आत गेलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. राजूबाई सकाळपासून यांच्याच स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. कस्तुरानं चहा आणून दिला, रामरावांनी तिला नाव विचारलं, आणि तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. भिंत आतल्या बाजूला बसली होती. राजूबाईची चूल आणि उतरंड ढिगाऱ्याखाली गेली. ती घरात असती तर तीही गेली असती.

"कशानं पडली ओ?" रामरावांनी विचारलं.

बघायला आलेल्या दिवशी शेजारणीची भिंत पाडली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? अंकुशराव शब्द शोधत होते तोवर आवाज ऐकून बाहेर आलेली राजूबाईच म्हणाली, "उंदरानं पोखरली व्हती कवाची. मीच ध्यान दिलं न्हाई. तुमी बसा, चहा निवायलाय."

सगळे परत बसले. अंकुशरावांनी बशीत चहा ओतला आणि प्यायला. पसंती झाली.

पाहुणे गेल्यावर ते राजूबाईच्या दारात गेले. ती ढिगाऱ्यातून गाडगी काढत होती.

"अक्का, भिंत मी बांधून देतो. माझ्यासाठी तुमी..."

"तुमच्यासाठी न्हाई सांगितलं," ती मान वर न करता म्हणाली. "पोरीसाठी सांगितलं."

त्यांनी गवंडी लावून भिंत बांधून दिली. त्यावर गाव म्हणालं, शेजारी असावा तर असा. अंकुशरावांनी तेही ऐकून घेतलं.

तीन आठवड्यांनी ते शिवशंकरप्पांच्या दुकानात बसले होते. जत्रा जवळ आली होती आणि शिवशंकरप्पांना घराच्या भिंती करून घ्यायच्या होत्या.

"ह्या बारीला आळंदहून माणूस बोलावलाय," ते म्हणाले. "राजूबाईची सोताचीच भिंत उंदरं खायलीत, ती आमची काय संभाळणार?"

दुकानातली माणसं हसली. अंकुशरावही हसले. हसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण हसलो.

घरी येताना रस्त्यात राजूबाई भेटली. हातात खुरपं होतं, डोक्याला फडकं. भिंतींची कामं बंद झाल्यापासून ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती. या वयात दिवसभर वाकून तिची पाठ सरळ होत नव्हती. त्यांना बघून ती बाजूनं निघून गेली. त्या दिवशी अंकुशराव जेवले नाहीत. शोभाबाईनं कारण विचारलं नाही. पाणी साचताना तिनंही बघितलं होतं.

सकाळी ते पुन्हा दुकानात गेले. कालचीच माणसं होती. ते उभ्यानंच बोलले.

"ती भिंत उंदरानं न्हाई पाडली. मी पाडली. राजूबाई नको म्हणायली व्हती. ती माती आणायला गेली, आन् मी तिच्या माघारी पाणी मारलं."

मग शिवशंकरप्पांनी विचारलं, "मग त्या दिवशी कामून बोलला न्हाईत?"

"लाज वाटली."

"आन् आज?"

"आजबी वाटायलीय."

दुकानातून निघाले ते तसेच बस धरून निंबर्ग्याला गेले. बातमी दुसऱ्याकडून पोचण्याआधी आपण सांगावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. रामरावांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"लगीन मोडत न्हाई, अण्णा," ते म्हणाले. "भिंत काय, हातून पडती कवा कवा. पर ती बाई माझ्या म्होरं स्वतःला दोष लावून घ्यायली, आन् तुमी चहा पीत बसला. ते मात्र माझ्या ध्यानात ऱ्हाईल."

अंकुशरावांनी मान खाली घातली. यापेक्षा रामरावांनी लग्न मोडलं असतं तर सोसवलं असतं, असं त्यांना परतीच्या बसमध्ये वाटत राहिलं.

शिवशंकरप्पांनी आळंदच्या माणसाला नको म्हणून कळवलं आणि स्वतः राजूबाईच्या घरी गेले. हळूहळू तिची कामं परत आली. अंकुशराव तिच्याकडे गेले तेव्हा ती पांढरी माती भिजवत होती.

"कळलं मला," ती म्हणाली. "तीन आठवडं लोकाच्या रानात वाकले मी. आठ दिस आधी बोलला असता तर आठ दिस कमी वाकले असते."

अंकुशराव तसेच मागं फिरले आणि घरी आले.

वैशाखात लग्न झालं. राजूबाईला बोलवायला कस्तुरा स्वतः गेली होती, म्हणून ती आली. बायकांच्या पंगतीत बसली. अंकुशराव बुंदी वाढत होते. तिच्या पानापाशी आले तेव्हा 'अक्का, घ्या अजून' एवढंही त्यांच्या तोंडून निघेना. "बास," म्हणत तिनं पानावर हात आडवा धरला, आणि ते पुढच्या पानाकडे वळले.