एकट्यापुरते वाफे

रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात तिला सगळे ‘मापाची बाई’ म्हणायचे. तराजू नको, वाटी नको, पातेल्यात नुसतं डोकावून ती सांगायची, “हे तिसऱ्या मजल्यापर्यंत पुरेल, चौथ्यावर बोंब होईल.” आणि चौथ्यावर बोंब व्हायचीच. निरोपाच्या दिवशी पोरींनी रडता रडता चेष्टा केली, “आता दोघांपुरतं रांधायचं म्हणजे तुमचा हात आखडणार बघा.”

“आखडू दे की,” ती म्हणाली होती. “आखडून घ्यायलाच चाललेय.”

नवरा शहर सोडून डोंगराच्या कुशीतल्या त्या जमिनीच्या तुकड्यावर गेला, त्याला बरीच वर्षं झाली. भांडण नव्हतं. त्याला माती हवी होती, तिला नोकरी सोडवत नव्हती. आधी तिच्या आईचं आजारपण निघालं, मग बढती, मग ‘आता थोडक्यासाठी कशाला सोडू’. ऋतू पालटला की ती बस धरून जायची, चार दिवस राहायची आणि निघताना म्हणायची, “पुढच्या हंगामाला नक्की येते हो, कायमची.” तो मान हलवायचा. ते वाक्य जिभेवर इतकं बसलं होतं की खरं बोलतेय की खोटं, हे तिचं तिलाही कळेनासं झालं होतं.

हिवाळ्यानंतर तिची एकही फेरी झाली नव्हती, पण यंदा मात्र खरं होतं. नोकरी सोडली, खोली सोडली, सगळा संसार दोन बोचक्यांत बांधला आणि त्याला न कळवता बसमध्ये बसली. तेवढीच गंमत. त्याचा चेहरा बघायचा होता.

बस चढण चढू लागली तसा खिडकीतून गार वारा आत आला. कापणी झालेली रानं केस कापलेल्या पोरासारखी ओकीबोकी, शहाणी दिसत होती. फाट्यावर उतरली तर शेजारच्या शेळ्यांवाल्या मावशी समोर. बोचकी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

“अगं बाई, दुकान थाटतेस की काय?”

“राहायला आलेय, मावशी.”

“आलीस होय! आलीस एकदाची.” मावशी हसल्या, पण हसू अर्ध्यात टाकून त्यांनी एका शेळीला उगाचच हाकललं. “आमच्या पोरी बघ, कशा रोडावल्यात. दरवर्षी तुझ्या वाटचं कुंपणावरून यायचं ना. घेवडा म्हणू नको, भोपळे म्हणू नको. तुझ्या जिवावर माजल्या होत्या मेल्या. यंदा पालासुद्धा नाही आला.”

पीक बुडालं की काय, असं वाटून तिचा जीव कळवळला. आणि हा माणूस फोनवर एका शब्दाने बोलला नाही!

घर उघडंच होतं, तो नव्हता. बोचकी उंबऱ्याशी टेकवून ती मागल्या दारी गेली आणि वाफ्यांपाशी थबकली.

पीक बुडालं नव्हतं. दृष्ट लागावी असं आलं होतं. घेवड्याच्या सुकलेल्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या, बटाट्याची माती नुकती उकरलेली, भोपळे उन्हात पाठ शेकत पडलेले. पण मांडव एकच. सरी एकच. तिची नजर सवयीने माप घेऊ लागली, आणि नको नको म्हणेपर्यंत घेऊन झालं. एक माणूस, एक हिवाळा. वर थोडं पाखरांचं, पाहुण्याचं. उरलेल्या जमिनीवर गवत होतं, गुडघाभर.

पूर्वी पेरताना तो पुटपुटायचा. एका खळग्यात चार दाणे:

एक दाणा पाखराला, एक दाणा मातीला,
एक आल्यागेल्याला, एक माझ्या सोबतीला.

“मी म्हणजे चौथा दाणा होय?” ती हसून विचारायची.

“चौथाच. मूठ रिकामी होईपर्यंत तोच हातात असतो.”

पेरणी वसंतात होते. म्हणजे तिकडे ती नोकरी सोडायचा विचार मनात घोळवत होती, तेव्हाच इकडे तिचा निकाल लागून गेला होता. कुणी तो बोलून दाखवला नव्हता. तो उगवला होता, एवढंच.

“अगं, कधी आलीस?”

तो सरपण घेऊन आला होता. वाळला होता, पण चेहऱ्यावर एक निवांतपणा होता. तो तिने कधी पाहिला नव्हता. उंबऱ्याशी त्याला बोचकी दिसली.

“एवढं सामान?”

“राहायला आलेय.”

“बरं केलंस,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “किती दिवस?”

तिने बोचकी आत सरकवली.

ती चुलीकडे वळली तर तो म्हणाला, “तू बस, प्रवासातून आलीस.” खिडकीजवळची खुर्ची त्याने फडक्याने पुसून दिली. घेवडा शिजत होताच. तिच्यासाठी त्यात एक बटाटा वाढवला, एक टोमॅटो चिरून टाकला. पातेलं लहान होतं.

“मोठं कुठे गेलं?”

“मावशींना दिलं. शेळ्यांना पाणी ठेवायला.”

फळीवरची चांगली बशी काढून त्याने आधी तिला वाढलं. आणखी घे म्हणाला, संकोच करू नको म्हणाला. घेवडा लोण्यासारखा मऊ, टोमॅटोचा आंबटपणा बेताचा. कुणाच्याही घरी इतकं चवीचं जेवली असती, तर तिने भरभरून कौतुक केलं असतं.

“रागावलात का माझ्यावर?”

“नाही गं. राग असता तर भांडलो असतो, तू रडली असतीस, मिटलं असतं.” तो बशीत पाहत राहिला. “गेल्या हिवाळ्यात तुझ्या वाटचे बटाटे तळघरात कोंब काढून सुकले. ते बाहेर काढताना काही ठरवलं नव्हतं मी. पण वसंतात बी हातात घेतलं आणि हात आपणहून तेवढ्यावरच थांबला. पुढे बरं वाटायला लागलं. वाट बघायची नसली की दिवस केवढा मोठा असतो, ठाऊक आहे?”

“आता आलेय ना मी.”

“हो. थांब की. हवं तेवढं थांब.”

पाहुणीला याहून गोड कोण बोलतं?

जेवण झाल्यावर तो लसणाची टोपली घेऊन मागे निघाला. थंडीच्या तोंडाला लसूण मातीत जातो आणि पुढल्या उन्हाळ्यात वर येतो. ती झटकन उठली, टोपली त्याच्या हातातून घेतली. “गड्डे मी फोडते.” पुढल्या उन्हाळ्याचं पेरणार, म्हणजे अजून काही हातात होतं.

तो काठीने रेघ ओढत गेला. ती ओच्यात पाकळ्या फोडत बसली. बोटं भराभर चालत होती. एकट्याचा झाला, दोघांचा झाला, तरी ती फोडतच राहिली. एक-एक पाकळी तो तिच्याकडून घ्यायचा, उभी रोवायचा, अंगठ्याने माती दाबायचा. दोघांचे हात लागत होते. तिने त्याच्या रेघेकडे पाहायचं टाळलं.

रेघ संपली. तो उठला, गुडघे झटकले.

तिचा ओचा अजून भरलेला होता.

“अहो, जागा आहे की अजून.”

त्याने गवताकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कडूपणाचा लवलेश नव्हता. असता तर तिने त्यालाच धरून ठेवलं असतं.

“जागा आहे,” तो म्हणाला, आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली.

फोडलेला लसूण फार टिकत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“परतीची गाडी कधीची?” तिने विचारलं. “नाही” म्हणायला तिने त्याला जागा ठेवली होती. बरीच ठेवली होती.

“उन्हं कलताना,” तो हळूच म्हणाला. “आता निघालो तर मिळेल.”

आत जाऊन त्याने दोन्ही बोचकी खांद्यावर घेतली. तिने एक मागितलं, त्याने दिलं नाही. “जड आहेत गं,” म्हणाला. तो पुढे उतारावर सावकाश चालत राहिला, आणि ती मागे, ओचा दोन्ही हातांनी घट्ट धरून.