गोळीची पंगत आधी

अक्का धाकट्या भावाकडे राहायला आली तेव्हा तिच्या सामानात कपड्यांची एक पिशवी होती आणि भांड्यांच्या दोन पेट्या. मुलींच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने एकतीस वर्षं काढली होती, दोन्ही वेळेला दोनशे दहा पोटं. निवृत्तीनंतर एकटीपुरतं शिजवायला तिचा हात काही केल्या वळत नव्हता. त्यामुळे भावाच्या शेजारच्या इस्त्रीवाल्या बाईंनी फोन करून, 'मास्तर फार वाळलेत हो,' असं सांगितलं, तेव्हा अक्काला वाईट वाटलं हे खरं, पण अंगात बळही संचारलं.

मास्तर म्हणजे तिचा भाऊ. शिंपीकामात चाळीस वर्षं घालवलेला, कोट शिवावा तर त्यानेच, असं नाव कमावलेला. गल्लीसाठी मास्तर, अक्कासाठी 'धाकट्या', मग त्याला त्रेसष्ट वर्षं झाली असली तरी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी खडूची रेघ कापडावर थरथरायला लागली, मग सुईत दोरा जाईना, आणि डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. सुरुवातीला त्या गोळ्यांनी जादू केली. गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात हात मोकळे व्हायचे. पण वजन मात्र सहा किलोनं उतरलं. ताकदीचं खायला घाला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घालणार कोण, एवढाच प्रश्न होता, आणि तो अक्काने येऊन सोडवला.

सकाळी आठला दोन उकडलेली अंडी, चीज लावलेला पाव आणि पेलाभर घट्ट दूध. गोळी पोटात जळजळू नये म्हणून ती दुधाबरोबरच. दुपारी मासे नाहीतर चिकन, पुन्हा गोळी. पेला पुढे करून अक्का उभी राहायची ती तळ दिसेपर्यंत हलायची नाही. मास्तर निमूटपणे प्यायचा. दोन महिन्यांत त्याच्या गालांवर जरा मांस आलं. इस्त्रीवाल्या बाई म्हणाल्या, घरात माणूस असलं की असं असतं. अक्का फुशारून गेली.

पण हात बिघडत चालले. सकाळी दहाच्या सुमाराला मास्तर मशीनवरून उठायचा आणि दाराशी पाय जमिनीला चिकटल्यासारखा उभा राहायचा. कात्री उचलली तर बोटं मिटायचीच नाहीत. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग भलतंच सुरू झालं. सकाळ तशीच लाकडासारखी, आणि संध्याकाळी मान आणि खांदे आपोआप हेलकावे घ्यायचे. गिऱ्हाइकांनी कोट टाकणं बंद केलं. यायची ती फक्त पँटची लांबी कमी करायला. अक्काला आजाराशी लढायची एकच रीत ठाऊक होती. तिने दुधाचा पेला मोठा केला.

आठव्या महिन्यात अक्काची दाढ दुखायला लागली. ती काढायला ती सकाळी सातलाच बाहेर पडली. अंडी उकडून घे, दूध तापवून घे, असं बजावून गेली. मास्तरला एकट्याने गॅसपाशी जायचा कंटाळा आला. त्याने पाण्याबरोबर गोळी घेतली, जरा पडून राहिला, मग जॅम लावलेले दोन पाव आणि एक सफरचंद खाल्लं.

दुपारी बाराला अक्का परतली, सुजलेला गाल, तोंडात कापसाचा बोळा. दुकानात मोठ्या टेबलावर राखाडी कापड पसरलेलं होतं. त्यावर कोटाची पाठ, दोन्ही पुढच्या बाजू आणि बाह्या बेतलेल्या होत्या. खडूच्या रेघा पट्टीने मारल्यासारख्या सरळ. मास्तर कात्री चालवत होता आणि कात्रीचा तो जुना, एका दमातला कर्रकर्र आवाज येत होता. अक्का दाराला टेकून उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं. पण मागोमाग मनात एक काटा रुतला: मी घरात नव्हते, त्याच दिवशी याचे हात चालले.

योगायोग असेल, असं तिने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी अंडी, चीज, दूध आणि गोळी, दहा वाजता पाय जमिनीला चिकटले. तिसऱ्या दिवशी तेच. दोनशे दहा मुलींत कुणाला कशाने पोटदुखी झाली ते ताटावरून ओळखणारी बाई ती. तिला कळायचं ते कळलं, पण सांगायला जीभ रेटेना. दहा दिवस ती कुणाशी धड बोलली नाही, आणि मास्तरला वाटलं दाढेची जखम भरलेली नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. पोरसवदा मुलगी, केस वर बांधलेले, टेबलावर गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग. तिने फक्त काय खाता एवढंच विचारलं नाही. गोळी किती वाजता, त्याच्या आगेमागे काय, हेही विचारलं. मास्तर म्हणाला, सगळं वेळेवर, बहिणीची कृपा. मग अक्काने खाली बघत दाढेच्या दिवसाची सगळी हकिगत सांगून टाकली.

मुलगी लिहायची थांबली. म्हणाली, तुम्ही माझं अर्धं काम केलंत. मग तिने समजावलं. या गोळीतलं औषध आणि दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनं, दोघांनाही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला वाट एकच. दोघं एकदम आले की दारात रेटारेटी होते. प्रथिनांची गर्दी दांडगी, औषध बाहेरच अडकतं.

अक्काने मान वर केली. हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. वसतिगृहात लहान-मोठ्या मुलींना एकदम आत सोडलं की लहानग्या रिकामी ताटं घेऊन भिंतीशी उभ्या राहायच्या. म्हणून तिने दोन पंगती पाडल्या होत्या, आधी लहान, मग मोठ्या.

"म्हणजे गोळीची पंगत आधी," ती म्हणाली. "आणि दूध-अंडी आता बंदच करायची?"

"मुळीच नाही," मुलगी म्हणाली. "अंगात ताकद नसेल तर औषधाने हात मोकळे होऊन उपयोग काय? तुम्ही घालत होतात ते बरोबरच होतं. फक्त वेळ बदला."

गोळी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर. मळमळलं तर एखादं कोरडं बिस्किट. दिवसा पाव, भात, भाज्या, फळं. अंडी, मासे, दूध यांचा मुख्य वाटा रात्रीच्या जेवणात, कारण तेव्हा हातांना कापड बेतायचं नसतं. मधल्या वेळेला भरपूर पाणी, पोट साफ राहायला हवं. गोळीचं प्रमाण डॉक्टर बघतील, आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही, आणि दर आठवड्याला वजन.

घरी येताना दोघं बागेतल्या बाकावर बसले.

"आठ महिने मीच तुझ्या हातांना बेड्या घातल्या," अक्का म्हणाली.

मास्तरने आपल्या हातांकडे पाहिलं. "मला कळलं होतं, अक्का. कोट बेतला त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू पेला घेऊन उभी राहतेस ना," तो म्हणाला, "बायको गेल्यापासून माझ्यासमोर असं कुणी उभं राहिलं नव्हतं. मी बोललो असतो तर तू उद्यापासून पेला आणला नसतास. कदाचित पेट्या बांधून निघालीही असतीस. म्हटलं, कोट राहू देत."

अक्काने त्याला मूर्ख म्हटलं. पाठोपाठ गाढव म्हटलं. मग पदराने नाक पुसलं आणि त्याचा कोपर धरून त्याला उठवलं, कारण गोळीची वेळ होत आली होती.

त्यानंतर घरात घड्याळाचं राज्य आलं. साडेसातला गोळी, आठला पाव आणि फळ. पहिले काही दिवस सकाळी दूध न देणं अक्काला फार जड गेलं. ती स्वयंपाकघरात उगाचच भांडी घासत बसायची. डॉक्टरांनी गोळी पूर्वीइतकी कमी केली तसे जास्तीच्या औषधाने येणारे संध्याकाळचे हेलकावे ओसरले. चार महिन्यांत वजन तीन किलोनं वाढलं. आजार काही घर सोडून गेला नाही. डॉक्टरांनी तसं वचनही दिलं नव्हतं. काही सकाळी तरीही वाईट उजाडतात. पण बहुतेक दिवशी नऊ ते बारा आणि दोन ते पाच मास्तरचे हात त्याचे स्वतःचे असतात, आणि खुंटीवर पुन्हा कोट लागले आहेत. आता कुणी नवीन पेशंट गोंधळलेला दिसला की ती मुलगी त्याला अक्काशी फोनवर बोलायला लावते, आणि अक्का दोन पंगतींचा हिशेब असा समजावते की पलीकडचा माणूस हसतो तरी.

संध्याकाळी सातला पोटभर जेवण, मासे नाहीतर अंडी, आणि वर तो मोठा पेला. अक्का उभी राहते, तळ दिसेपर्यंत. थोड्याच वेळात मास्तरची बोटं आखडायला लागतात, पण त्याची आता त्याला धास्ती नाही. तो खुर्चीत रेलतो, अक्का त्याच्या शर्टाची वरची बटणं सोडते आणि मापांची वही उघडते. दिवसभरात घेतलेली मापं चिठ्ठ्यांवर असतात. तो चिठ्ठी बघून सांगतो, ती लिहिते. आज एका मुलीच्या कोटाची चिठ्ठी होती.

"छाती बत्तीस. बाही बावीस. कंबर चोवीस."

अक्काचं पेन थांबलं. "चोवीस? ही पोरगी काही खाते की नाही? ट्रायलला येईल तेव्हा तिला आत पाठव."

"अक्का," मास्तर हसत म्हणाला, "तू माप लिही."