पाळण्याखालून

केतकीच्या मुलीला पाळण्याखालून पलीकडे दिलं, की दर खेपेला ती वेगळा चेहरा घेऊन वर येत होती.

पहिल्यांदा ती सासऱ्यांचं टोकदार नाक घेऊन आली. मग केतकीच्या मावशीची खळी, आणि त्यानंतर असे कान, की ते कुणाचे हे दोन्ही घरांत कुणाला सांगता येईना. बारशाला जमलेल्या बायकांना यात काही वावगं वाटलं नाही. त्या देवांची नावं घेत बाळाला खालून-वरून देत राहिल्या.

केतकीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. तिने जन्माला घातलेली मुलगी घाऱ्या डोळ्यांची होती. नवरा-बायको दोघांचेही डोळे काळे, त्यामुळे सासरी कुजबुज सुरू झाली होती. केतकी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. घारा रंग दोघांच्याही आत दडलेला असू शकतो, हे तिने घरात सगळ्यांना समजावलं होतं. जाऊबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या घुगऱ्या बघायला गेल्या.

"आता पुरे," नणंद नलूताई म्हणाल्या. "हा चेहरा छान आहे. डोळे बघा कसे काळेभोर! कानात नाव सांगते, म्हणजे हाच कायम होईल."

"वन्सं, थांबा. माझी मुलगी खाली राहिलीय."

"राहू दे की. असते गं तीही. दिसत नाही इतकंच."

"मला दिसायला हवी," केतकी म्हणाली, आणि पदर खोचून पाळण्याखाली शिरली.

खाली बरीच माणसं दाटीवाटीने बसली होती. त्यांत घाऱ्या डोळ्यांचा तिचा नवरा होता. शेजारी घाऱ्या डोळ्यांची केतकी मुलीला पाजत होती.

"द्या तिला."

"तिला एकटीला वर जाता येत नाही," ती दुसरी केतकी म्हणाली. "मला न्यावं लागेल. आणि माझी जागा रिकामी ठेवता येत नाही."

केतकीला रडू फुटलं. तिने मुलीच्या कपाळावर ओठ टेकले आणि मांडी घालून बसली.

मुलीला घेऊन ती दुसरी वर गेली. "दमलीस का गं?" वरून नवऱ्याने विचारलं. त्याला काय उत्तर मिळालं ते केतकीने ऐकलंच नाही. तिचे कान नलूताईंच्या आवाजाकडे लागले होते. इतके दिवस कुणाला न सांगितलेलं नाव नलूताईंनी मुलीच्या कानात सांगितलं, तेवढ्यात बायका त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घालू लागल्या. खाली फक्त धपाटेच ऐकू आले.