डावी पोटरी

"राघवन, थांब," चामी म्हणाला.

दोन्ही बाजूंनी एका लयीत चाललेले चार हात थांबले. तेल चोळायच्या लाकडी द्रोणीत पालथे पडलेले गोविंदनुण्णी मास्तर कुरकुरले, "काय झालं रे? आत्ता कुठे डोळा लागत होता."

चामीने पंच्याला हात पुसले. पालथा हात मास्तरांच्या डाव्या पोटरीला लावला, मग उजवीला. डावी गरम होती, टणक होती आणि कालपेक्षा फुगलेली.

"मास्तर, हा पाय दुखतोय का?"

"दुखतोय म्हणून तर आलोय. चोळ."

"आज नाही चोळणार. आधी इस्पितळात दाखवू या."

मास्तर कोपरावर उठले. "सातवीत तीनदा बसलास तू, चामी. आता मला वैद्यकी शिकवतोस?"

राघवन तोंड फिरवून हसला. चामी नाही हसला.

निळेकाठच्या या वैद्यशाळेत त्याची एकतीस वर्षं गेली होती. पुस्तकातलं त्याला फारसं कळत नसे, पण माणसाचं अंग रोज कसं बदलतं, ते त्याच्या हातांना कळे. बायको गेल्यापासून मास्तरांची झोप उडाली होती. मुलं शारजाला. ऐन पावसाळ्यात, कर्कटक महिन्यात ते चौदा दिवसांच्या उपचाराला आले आणि तिसऱ्या दिवसापासून तेल, गरम पाण्याची अंघोळ, पेज झाली की ओसरीवरच घोरू लागले. आज आठवा दिवस होता.

कचेरी सांभाळणारी सत्यभामा आली. वैद्य त्रिशूरला लग्नाला गेले होते, फोन लागत नव्हता.

"त्यांनी चौदा दिवस लिहून दिलेत. तू कोण बदलणारा?" तिने चामीला बाजूला घेऊन विचारलं. "मास्तर चिडून निघून गेले तर काय सांगू? आणि वैद्य तुला उद्यापासून येऊ नकोस म्हणाले तर?"

"म्हणू देत."

त्यानेच रिक्षा बोलावली आणि मास्तरांना धरून आत बसवलं. मास्तर वाटभर तेलकट अंगावर मुंडू गुंडाळून, बाहेर तोंड करून बसले.

पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. चोळली असती तर ती सुटून छातीत गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. वैद्य परतल्यावर सत्यभामेने सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "द्रोणी धुतली का?" चामीला कामावरून कोणी काढलं नाही. शाबासकीही कोणी दिली नाही.

तीन महिन्यांनी, तूळ महिन्यातल्या एका सकाळी मास्तर काठी टेकत आले.

"पायाला चोळायची मनाई आहे अजून," ते म्हणाले. "डोक्याला नाही. विचारून आलोय."

चामीने त्यांना खुर्चीवर बसवलं. कोमट तेल टाळूवर घातलं आणि बोटांनी हळूहळू जिरवू लागला. मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना झोप लागली, असंच चामीला वाटलं.

"ती म्हणायची," मास्तर मध्येच बोलले, "जरा माझ्याही डोक्याला तेल लावा. दोनदा-तीनदा म्हणाली असेल. मी वह्या तपासत असायचो."

चामीचे हात क्षणभर थांबले. मग त्याने वाटीत बोटं बुडवली आणि कानामागून पुन्हा सुरुवात केली.