कोऱ्या फळ्यासमोर दोघी

दगडी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौदा वर्षांची असताना ज्युदोच्या सरांनी ते ठेवलं, कारण मॅटवर ती पाय रोवून उभी राहिली की तिला हलवणं म्हणजे भिंतीला खांदा लावणं. आईला ते नाव मुळीच पटलं नाही. हिला मात्र इतकं पटलं, की पुढे लाँड्री काढली तेव्हा पाटीवरही तेच रंगवून घेतलं. नवीन गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "कपडे दगडावर आपटता की काय?" त्यावर तिची सासू घड्या घालता घालता म्हणायची, "नाही हो, गिऱ्हाईक आपटतो."

समोरच्या फुटपाथवर, दारासमोर दार, दुसरी लाँड्री होती. तिची मालकीण निसटी. हेही नाव सरांचंच. ही कधी हातात यायचीच नाही. कॉलर धरावी तर ओल्या साबणासारखी सटकायची. नऊ वर्षं दोघी एकाच मॅटवर एकमेकींच्या जोडीदार होत्या. आणि आता बावीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण ऐकाल तर हसाल. निवडीची शेवटची लढत होती. जिंकेल ती मोठ्या स्पर्धेला जाणार. सरांचं एक वाक्य दोघींनी घोकून ठेवलेलं: समोरच्याला आधी ढकलू द्या, मग त्याच्याच जोराने त्याला पाडा. तर ही थांबली, ती ढकलेल म्हणून. आणि ती थांबली, ही ढकलेल म्हणून. चार मिनिटं दोघी एकमेकींची कॉलर धरून, फोटो काढायला उभं केल्यासारख्या. पंचाने ताकीद दिली, पुन्हा दिली, शेवटी वैतागून दोघींनाही बाद केलं. स्पर्धेला गेली तिसरीच एक पोरगी, जिला या दोघींनी झोपेतही पाडली असती. बाहेर येताना ही म्हणाली, "तू का नाही आलीस अंगावर?" ती म्हणाली, "तू का नाही आलीस?" झालं. तेवढ्यावर बावीस वर्षं.

तीन वर्षांपूर्वी निसटीने नेमकं समोरचंच दुकान घेतलं तेव्हा दगडीच्या मनात दुसरा विचारच आला नाही. डाव टाकायला आली आहे ही.

त्यात नवऱ्याने तेल ओतलं. नवरा गाडीतून कपडे आणायचा, पोचवायचा, आणि गाडीत एका व्याख्यात्याचं ऐकायचा. "धंदा म्हणजे युद्ध! प्रतिस्पर्ध्याचं वजन हेच तुमचं हत्यार!" असं तो माणूस ओरडायचा आणि मागून टाळ्या पडायच्या. ज्याच्या पाठीला जन्मात मॅट लागली नाही, ज्याने दुसऱ्याचा घामट सदरा कधी हातात धरला नाही, तो गारेगार सभागृहात उभा राहून लढाई शिकवतो आणि लोक तिकीट काढून ऐकतात! असल्या माणसाला एकदा, फक्त एकदाच, खांद्यावरून फेकला पाहिजे. खाली गादी न घालता. पण नवरा भोळा. घरी येऊन म्हणायचा, "अगं, तुझे सर सांगायचे तेच हा सांगतो." आणि दगडीही मान डोलवायची. हा खरा राग येण्यासारखा भाग.

कारण धंदा तर बसत चालला होता. मोठ्या हॉटेलचं काम होतं म्हणून तिने बॉयलर बसवला, एका वेळी चाळीस चादरी गिळणारं यंत्र आणलं, आणि हॉटेलच बंद पडलं. आता बॉयलर आठवड्यातून दोनदा पेटायचा. इस्त्रीच्या चौघी बायका आळीपाळीने यायच्या. त्यातली मावशी पहिल्या दिवसापासूनची, अठरा वर्षांची सोबत. महिनाअखेर बॉयलर कायमचा थंड करायचा आणि चौघींना घरी बसवायचं, असं दगडीने मनाशी ठरवून टाकलं होतं. अजून कुणाजवळ ओठ उघडले नव्हते.

आणि अशात हॉस्पिटलचं काम निघालं. तीनशे खाटांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. रोज.

काम द्यायची तिथली पद्धत जगावेगळी होती. भांडाराच्या बाई म्हणजे कडक असामी. लिफाफे, शिफारशी, चहापाणी, कशालाच त्या भीक घालायच्या नाहीत. भांडाराबाहेरच्या बोळात त्यांनी एक काळा फळा टांगला होता. शुक्रवारी एक वाजेपर्यंत कुणीही यावं आणि आपला दर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लिहावा. एका दुकानाने एकदाच लिहायचं, खोडाखोड नाही. एकच्या ठोक्याला सगळ्यात कमी दर ज्याचा, काम त्याचं. फळा कोरा राहिला, तर काम बाहेरगावच्या मोठ्या कंपनीला. तिचा माणूस कागद घेऊन तयारच होता.

आता यात मेख काय ती शेंबड्या पोरालाही कळेल. जो आधी लिहील तो उघडा पडला. मागून येणारा एक पाऊल खाली लिहून काम उचलणार.

सोमवार गेला, मंगळवार गेला. फळा कोरा. दगडी काउंटरवर बसून समोरच्या काचेकडे बघायची. काचेआड निसटी बसून हिच्याकडे बघायची.

"अगं, जाऊन लिहून ये ना एकदाचं," नवरा म्हणाला.

"तिला आधी जाऊ दे."

"आणि ती नाही गेली तर?"

"तूच म्हणतोस ना, समोरच्याचं वजन वापरायचं म्हणून?"

सासू अभ्रे मोजत होती. "वजन वापरा, वजन," ती म्हणाली. "दोघी बसल्यात, जशा काही अंड्यांवर."

गुरुवारी दुपारी दगडी सरांकडे गेली. सर आता सत्तरीच्या पुढचे, एक गुडघा कामातून गेलेला. हॉलमध्ये एकटेच जमिनीवर बसून फाटलेल्या मॅटला दाभणाने टाके घालत होते. दगडीने आधी तब्येत विचारली, मग गुडघा विचारला, मग हॉलचं गळकं छप्पर.

"ताकाला आलीस ना? मग भांडं काढ की बाहेर," सर म्हणाले.

तिने सगळं सांगितलं. फळा, शुक्रवार, एक वाजता. "सर, तुम्ही दोघींना ओळखता. ती काय करेल?"

सरांनी दोरा दाताने तोडला. "काल तीही येऊन बसली होती. इथेच. हेच विचारायला."

दगडीची कानशिलं तापली. "मग तिला काय सांगितलंत?"

"तिला सांगितलं तेच तुला. आधी पड."

"पड म्हणजे? हरू?"

"सहा महिने मी तुम्हाला दुसरं काय शिकवलं? नुसतं पडायला. ते का शिकवलं, हे बावीस वर्षांत एकीनेही विचारलं नाही. निम्मी शिकवण घेऊन गेलात आणि निम्मी वाटेत सांडलीत. जा आता. मला अजून चार टाके घालायचेत."

ती धुसफुसतच निघाली. घरी येईपर्यंत तिने अर्थ लावला: पड म्हणजे दर पाड. इतका पाड की निसटीला खाली जागाच राहणार नाही. रात्री जेवताना नवऱ्याला तिने तो दर सांगितला. त्याच्या हातातला घास हातातच राहिला.

"अगं, या दरात साबण तरी येईल का?"

"काम तर येईल!"

"म्हणजे बाईंच्या चादरी आपण पदरचे पैसे घालून धुणार."

बरोबर होतं त्याचं, आणि म्हणूनच राग आला.

शुक्रवारी पाऊण वाजता ती हॉस्पिटलच्या बोळात पोचली. फिनेलचा वास. एक बाक. भिंतीवर घड्याळ, त्याखाली फळा, कोरा करकरीत. आणि फळ्याच्या डाव्या बाजूला निसटी, हात पाठीमागे बांधून. दगडी उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली. खडू मधे, फळ्याच्या चौकटीवर.

पाच मिनिटं गेली. झाडूवाली बाई दोघींच्या पायांभोवतीने झाडून गेली, वर म्हणाली, "रांग कशाची आहे?"

दोघींची नजर खडूवरच.

एकला सात कमी असताना भांडाराच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून बाहेर डोकावल्या. "काय हो, दोघी फळा बघायला आलात का? कोरा राहिला तर मी कागद पाठवून देणार. मागून रडत यायचं नाही." आणि आत गेल्या.

दगडीने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. निसटीच्या गळ्याजवळची शीर उडत होती. ही शीर तिने पूर्वी पाहिली होती. इतक्याच जवळून, कॉलर मुठीत असताना. तेव्हाही घड्याळ असंच समोर होतं. तेव्हाही तिसरंच कुणीतरी कडेला तयार उभं होतं.

सहा महिने नुसतं पडायला. हनुवटी छातीला लाव, तळहात आपट, मग पाठ टेक. पुन्हा उठ. पुन्हा पड. का? उभं राहता यावं म्हणून? छे! जो नुसता उभाच राहणार आहे त्याला पडायला शिकायची गरज काय? पडतो तो पुढे पाऊल टाकणारा. पडायची धास्ती मोडली म्हणजेच पाऊल उचलतं. त्यासाठी ते सहा महिने होते. आणि तिने काय केलं? त्यानंतरची सगळी वर्षं उभं राहण्यात घालवली, वर पाटीवर दगड म्हणून रंगवून घेतलं!

मग तिने सगळ्यात वाईट काय होईल ते नीट बघून घेतलं. ही बाई खाली आकडा लिहील. काम जाईल. बॉयलर थंड होईल. मावशीला आपल्या तोंडाने सांगावं लागेल. लागेल तर लागेल. सांगू, आणि दुसऱ्या दिवशी उठून कोपऱ्यात छोटं यंत्र लावून पुन्हा सुरू करू. मरत नाही माणूस त्याने.

हनुवटी छातीला.

तिने खडू उचलला आणि दर लिहिला. कालचा पाडलेला नव्हे. चौघींचा पगार निघेल, साबण येईल, चादर खरोखर स्वच्छ होईल असा सरळ दर. खाली दुकानाचं नाव. खडू पुन्हा चौकटीवर ठेवला. छातीवरचा धोंडा कुठे गेला कोण जाणे.

एकला तीन कमी.

निसटीने खडू घेतला. फळ्याच्या अगदी जवळ गेली. दर वाचला, पुन्हा वाचला. खडू फळ्याला टेकवला. दगडी घड्याळाकडे बघत नव्हती, त्या खडूकडेच बघत होती. एक पांढरा ठिपका उमटला. मग निसटीने खडू चौकटीवर टाकला आणि उघड्या तळहाताने फळ्यावर दोन थापा मारल्या.

मॅटवर दोन थापांचा अर्थ एकच. सोड, मी हरले.

"फळा का बडवताय?" बाई आतून ओरडल्या. "लिहायचं असेल तर लिहा!"

"नाही लिहायचं," निसटी म्हणाली, आणि बाकावर मटकन बसली. "आई गं! सुटले."

"सुटले?" बावीस वर्षांनी दगडीच्या तोंडून तिच्याशी निघालेला हा पहिला शब्द. "काम तर मला लागलं. तू कशी सुटलीस?"

"अगं बये, माझ्याकडे दोन यंत्रं आहेत. दोन! तीही कोट आणि रेशमी साड्यांची. बॉयलर नाही. तीनशे चादरी मी काय माझ्या बाथरूममध्ये धुणार होते? चार रात्री डोळ्याला डोळा नाही. काम लागलं तर करू काय म्हणून."

"मग मरायला आलीस कशाला?"

"तू येणार म्हणून!"

दगडी तिच्या शेजारी बसली. मग आधी कुणाला हसू फुटलं ते सांगता यायचं नाही, पण भांडाराच्या बाई एकचा ठोका पडल्यावर बाहेर आल्या तेव्हा दोन पोक्त बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून डोळे पुसत होत्या. बाईंनी फळा बघितला, दर वहीत उतरवला आणि म्हणाल्या, "सोमवारी सकाळी सातला पहिला गठ्ठा. उशीर चालणार नाही. आणि हा पंजा कुणाचा फळ्यावर? पुसा तो."

"राहू द्या की," दगडी म्हणाली.

"पुसा!"

निसटीने पदराने पुसला.

बाहेर नवरा गाडीत बसून होता, व्याख्याता आत ओरडत होता. दोघींना बरोबर येताना बघून नवऱ्याने आपणहून त्याचा आवाज बंद केला.

"समोरचंच दुकान का घेतलंस गं?" गाडीत दगडीने विचारलं.

"रिकामं तेवढं एकच होतं."

"खरं सांग."

"खरंच. आणि म्हटलं, अनोळखी माणसाकडून मार खाण्यापेक्षा ओळखीचा हात बरा." मग म्हणाली, "डॉक्टरांचे कोट आले तर इकडे पाठव. तुझ्या त्या राक्षसात टाकू नकोस, बटणं खातो तो."

"तुला कसं माहीत?"

"तुझी गिऱ्हाइकं माझ्याकडे येऊन तेच तर रडतात!"

दुकानात शिरल्याबरोबर दगडी सरळ मावशीच्या टेबलाशी गेली. "मावशी, सोमवारी पहाटे बॉयलर पेटवायचा. चौघींनी यायचं. रोज."

"रोज म्हणजे रोज?"

"रोज म्हणजे रोज."

मावशीने आधी इस्त्री उभी केली, नाहीतर अभ्रा जळला असता. मग ती स्टुलावर बसली आणि तोंडावरून पदर फिरवला. बाकीच्या दोघी ऐकून मागच्या दारातून आत आल्या होत्या. एकीने चौथीला निरोप द्यायला फोन काढला.

"जिवात जीव आला गं बाई," मावशी म्हणाली. "आम्ही आपल्या वाटच बघत होतो, कधी सांगतेस म्हणून."

"काय सांगते?"

"महिनाअखेरीचं."

"मी तर कुणाला एक अक्षर बोलले नव्हते."

"बोलायला कशाला हवं? अठरा वर्षं तुझं तोंड बघतेय मी. दगडाला घाम फुटला की कळतं."

सासूने घडी घातलेला गठ्ठा बाजूला ठेवला आणि दाराशी उभ्या असलेल्या निसटीकडे बोट दाखवलं. "आणि हिला कुणी पाडून आणलं?"

"कुणी नाही, आई," दगडी म्हणाली. "आधी मी पडले."