तिसऱ्या खुंटीवरची किल्ली

मी एक जुना किल्ल्यांचा फळा आहे. शाळेतला फळा नव्हे, मित्रांनो. माझ्या अंगाला कधी खडू लागलेला नाही, आणि कुणी लावायला आलेच असते तर मी ते मुळीच खपवून घेतले नसते. मी आहे साधी सागवानी फळी, अंगावर पितळी खुंट्यांची एक ओळ असलेली. उस्मानपुऱ्यातल्या 'हॉटेल हिरवळ' या परमिट रूममध्ये, दारातून आत आल्याबरोबर डाव्या हाताला, गल्ल्याजवळ मी टांगलेला असतो. तुमच्या वयाच्या मुलांनी पाऊल ठेवावे अशी ही जागा नाही, म्हणूनच माझी हकिगत तुमच्या कानांवर कधी आली नसेल. आज सांगतो आहे, त्याला कारण आहे. झाडलोट करणारी भामाबाई रोज माझ्यावरून ओले फडके फिरवते, पण तिसरी खुंटी आली की तिचा हात थांबतो. तेवढी जागा सोडून ती पुढे जाते.

फार पूर्वी मी धान्याच्या पेटीचे झाकण होतो. पैठण रस्त्याकडच्या एका गावात आप्पासाहेबांची शेती होती आणि त्यांच्या घरात ज्वारीने भरलेल्या पेटीवर मी ऐटीत पडून असे. पुढे आप्पासाहेबांनी शहरात येऊन परमिट रूम काढायचे ठरवले. घरात कुणाला ते पसंत नव्हते. त्यांची बायको मनकर्णाबाई तर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"तुम्ही दारू विका नाय तर गोवऱ्या विका, मला त्यातलं काय कळत नाय," ती म्हणाली. "पण तुमच्या इथून उठलेला माणूस आपल्या घरी पोचला पाहिजे. तेवढं जमणार नसंल तर आत्ताच सांगा."

आप्पासाहेबांनी कबूल केले, आणि त्या कबुलीतून माझा जन्म झाला. रिकाम्या पेटीचे झाकण सांडू मिस्त्रीकडे गेले. त्याने मला कापले, रंधा मारला, तेल पाजले. पितळी खुंट्या शहागंजातून आल्या. त्या त्याने इतक्या घट्ट बसवल्या की अजून एकही हललेली नाही. त्या पक्केपणाचा मला केवढा अभिमान होता! पुढे एके दिवशी त्याच पक्केपणाला मी शिव्या घालणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

'हिरवळ'चा रिवाज सरळ होता. गाडी घेऊन आलेल्याने आपल्या हाताने किल्ली माझ्यावर टांगायची, मगच टेबलावर ग्लास येणार. उठताना किल्ली मिळायची नाही. दाराशी बन्सीची रिक्षा उभी असे, ती घरी सोडणार. दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे, आप्पासाहेबांबरोबर चहा प्यायचा आणि किल्ली घेऊन जायचे. कुणी हुज्जत घाली, कुणी टेबलावर मूठ आपटी. "मी कोण आहे ठाऊक आहे का?" असे एक साहेब एकदा गरजले. आप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "सकाळी च्या पिता पिता सांगा की. घाई कशाची?"

नेहमीच्या मंडळींच्या खुंट्या ठरून गेल्या होत्या. तिसरी खुंटी चिन्मयची. औषधांच्या कंपनीत नोकरी करणारा हा तरुण स्वभावाने इतका मऊ की वेटरला पाणी मागतानाही 'जमलं तर' म्हणायचा. सकाळी चहाला येताना तो आप्पासाहेबांसाठी गरम भजी आणायचा. त्याची किल्ली अंगावर आली की मला बरे वाटे. हे मी उघडच सांगतो, त्यात लाजायचे काय?

वर्षे गेली. मनकर्णाबाई देवाघरी गेली. आप्पासाहेबांना कमी ऐकू येऊ लागले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा विश्वजीत बसू लागला. पोरगा हुशार. त्याने भिंती रंगवल्या, चांगल्या चांगल्या व्हिस्क्या आणल्या, माझ्या डोक्यावर पिवळा दिवा लावला आणि माझे फोटो फोनवर टाकले. 'किल्ली ठेवून घेणारा बार' म्हणून माझे नाव दूरवर झाले. वेरूळची लेणी बघून आलेले पाहुणे संध्याकाळी मला बघायला यायचे, माझ्याशेजारी उभे राहून दात काढायचे. मी फुगलो, मित्रांनो. माझा रिवाज हळूहळू तमाशा होत चालला आहे, हे त्या दिव्याच्या उजेडात मला दिसलेच नाही. लोक किल्ली टांगत होते, पण टांगतानाचा चेहरा बदलला होता. पूर्वी ते किल्ली सोपवत, आता ते ती दाखवत होते.

आणि मग मंदार आला.

थंडीचे दिवस होते, दुपार कलायला लागली होती. मंदार पुण्याचा, चिन्मयचा शाळेपासूनचा मित्र. ज्या शहरात जाईल तिथला व्हिस्कीचा उत्तम बार हुडकून काढायचा, हा त्याचा छंद. दोघांच्या बायका सकाळीच घृष्णेश्वराच्या दर्शनाला वेरूळला गेल्या होत्या, मुक्काम तिथल्याच एका लॉजवर होता. ह्या दोघांनी दिवेलागणीच्या आत तिथे पोचायचे ठरले होते. मधल्या वेळात मंदारने चिन्मयला शहरभर फिरवले. एका ठिकाणी गाणी कान फाडत होती, म्हणून तिथे एकच ग्लास घेतला. दुसऱ्या ठिकाणी बर्फाला वास होता, तरी ग्लास संपवलाच. तिसरे ठिकाण आम्ही.

आल्या आल्या मंदारने किल्ली नाचवत माझ्यासमोर धरली. चिन्मय त्या दिवशी स्वतःची गाडी घेऊन आला नव्हता, त्यामुळे तिसरी खुंटी मोकळी होती. मंदारने नेमकी तीच निवडली. शेजारी खुर्चीवर बसलेल्या आप्पासाहेबांनी मान डोलावली. किल्ली खुंटीवर आली की त्यांच्या जिवाला स्वस्थता येई.

व्हिस्की मंदारला मनापासून आवडली. सोबत उकडलेल्या शेंगा, पाणी वेगळे, गडबड नाही, गोंगाट नाही. "चिन्या, सापडला रे!" तो टेबलावर थाप मारून म्हणाला. "ह्या शहरातला एक नंबर बार हाच." आणखी मागवली गेली. बाहेरचे ऊन पिवळे पडत गेले. तेवढ्यात चिन्मयचा फोन वाजला. त्याची बायको स्वरदा बोलत होती. "हो, निघतोच आहोत," चिन्मय म्हणाला, आणि फोन ठेवून उठला. "मंदार, बन्सीच्या रिक्षानं घरी जाऊ. गाडी सकाळी नेऊ. स्वरदाला सांगतो, आज नाही जमत म्हणून."

माझ्याजवळ येऊन मंदारने आवाज खाली आणला. मला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला.

"अरे वेड्या, दुसरी किल्ली खिशात आहे. ह्या फळ्याबद्दल वाचूनच आलो होतो ना मी! रिक्षात बसू, कोपऱ्यावर उतरू. गाडी तिथंच लावली आहे."

"आप्पासाहेबांना बरं नाही वाटणार."

"त्यांना कळणारच नाही. त्यांची किल्ली त्यांच्या फळ्यावर. म्हातारा खूश, आपण खूश."

पाहुण्याला नाही म्हणणे चिन्मयच्या जिभेला कुणी शिकवलेच नव्हते. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा आप्पासाहेबांकडे. नंतर खाली वाकून तो बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला.

मित्रांनो, त्या वेळी माझी जी तगमग झाली ती मी कशी सांगू? निदान एखादी खुंटी निखळून फरशीवर पडावी, खण्णकन आवाज व्हावा, म्हाताऱ्याने दचकून वर बघावे, एवढेच मी मागत होतो. काही पडले नाही. सांडू मिस्त्री, कशाला रे मला इतके पक्के केलेस?

"सकाळी चहाला येतो, आप्पासाहेब," मंदार मोठ्याने म्हणाला.

"या, या. सावकाश जावा," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांनी स्वतः दारात जाऊन बन्सीला हाक मारली. दोघे रिक्षात बसले. रिक्षा हलली. आप्पासाहेब परत येऊन माझ्याखाली बसले आणि समाधानाने शेंगा सोलू लागले. माझ्या तिसऱ्या खुंटीवर ती किल्ली वाऱ्याने जराशी हलत होती, आणि तिच्याकडे बघता बघता अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासाहेबांनी चहा सांगितला. स्वतःचा एक, पाहुण्याचा एक आणि चिन्मयचा एक. चहावर साय धरली तरी कुणी आले नाही. आला तो बन्सी. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

"आप्पासाहेब, कालचे ते दोघं... कोपऱ्यावरच उतरले व्हते. पान खाऊन चालत जातो म्हणले. मैं क्या बोलता? मी आलो निघून." त्याने गळ्यातला रुमाल तोंडावर धरला. "दौलताबादच्या पुढं घाटात गाडी गेली खाली. पाव्हणा दवाखान्यात हाय. आपले चिन्मयभाऊ ऱ्हायले नाय."

आप्पासाहेबांनी आधी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्यांनी हात वर करून तिसरी खुंटी चाचपली.

"खुळा हाय का तू?" ते म्हणाले. "चावी तर इथं हाय. चावी इथं असल्यावर गाडी घाटात कशी जाईल? दुसरीच कुणाची तरी गाडी असंल ती. बस, च्या घे."

बन्सी बसला नाही. आप्पासाहेब त्या किल्लीवरून बोट फिरवत राहिले, आणि हळूहळू त्यांचे बोट थांबले.

त्यानंतर माझ्या डोक्यावरचा दिवा विश्वजीतने काढून टाकला. फोनवरचे फोटो पुसले. मलाही काढायला तो पाना घेऊन आला होता, पण आप्पासाहेब आडवे आले. "मनकर्णेला दिलेला शबूद हाय तो," एवढेच ते म्हणाले. लोक माझ्याकडे बघायचे टाळू लागले. त्या दिवसांत माझ्यावर धूळ बसली. मला तिचे वाईट वाटले नाही, खरे तर आधारच वाटला.

उन्हाळ्यात एका सकाळी मंदार आला, काखेत कुबडी घेऊन, बन्सीच्या रिक्षातून. त्याला ओळखायला मला वेळ लागला. आप्पासाहेबांनी दोन चहा सांगितले. मंदारने कप उचलला आणि संपवला. मग आप्पासाहेब उठले, तिसऱ्या खुंटीवरची किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"च्या झाला. आता न्या तुमची चावी."

"गाडी राहिली नाही, आप्पासाहेब."

"ठाऊक हाय मला."

मंदारने खिशात हात घातला आणि वाकडी झालेली दुसरी किल्ली बाहेर काढली. "ही टांगायला आलो होतो," तो म्हणाला. "चिन्मयची खुंटी कुठली?"

आप्पासाहेबांनी तिसऱ्या खुंटीवर बोट ठेवले. "हीच. तुम्ही त्या दिवशी त्याच्याच खुंटीवर टांगली व्हती."

मंदार तिथेच खुर्चीवर कोसळून लहान मुलासारखा रडला. आप्पासाहेबांनी त्याला रडू दिले. मग दोघांनी मिळून त्या दोन्ही किल्ल्या तिसऱ्या खुंटीवर टांगल्या. तेव्हापासून त्या तिथेच आहेत. भामाबाई जी जागा सोडून देते, ती ही.

आता 'हिरवळ'मध्ये कुणी किल्ली टांगली की आप्पासाहेब मान डोलवत नाहीत. ते उठतात, जवळ येतात, कानामागे हात धरतात आणि विचारतात, "दुसरी कुठंय?" लोक हसतात, चिडतात, काही तर निघून जातात. ते मात्र उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत.

मित्रांनो, मला झाडा, पुसा, पॉलिश करा, असे मी म्हणणार नाही. माझी काळजी पुरे झाली. मी फक्त एक फळी आहे, आणि माझ्यावर टांगलेल्या किल्लीकडे बघून त्या दिवशी एक भला माणूस निश्चिंत झाला. तुमच्या घरातली मोठी माणसे कधी 'काही होत नाही' म्हणत, पिऊन गाडीकडे निघाली, तर खुंटीकडे बघून गप्प बसू नका. ती रागावतील, रागावू द्या. दारात आडवे उभे राहा आणि विचारा, "दुसरी कुठंय?" मला त्या दुपारी हे विचारायचे होते. पण मला तोंड नाही, मित्रांनो. तुम्हाला आहे.