हनीसकलचा काढा आणि नववा प्रश्न

पांढरं फूल. दुसऱ्या दिवशी तेच पिवळं.

गुडघ्याचा एक्स-रे, खिडकीच्या काचेला चिकटवलेला.

काळी फळं, पिशवीत घालून गाठ मारलेली.

हॉस्पिटलचा फॉर्म, प्रश्न नववा: सध्या कोणती औषधे चालू आहेत?

उत्तर: काहीही नाही.

उत्तर आप्पासाहेबांचं. कोथरूड, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सोमवारी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन.

फळं हिराबाईंनी तोडलेली. सोसायटीची बाग त्या बघतात. कुंपणावरची हनीसकलची वेलही त्यांचीच. फूल घशाला, तापाला घेतात. फळ पोटात गेलं तर उलट्या. म्हणून फळ दिसलं की मुलांच्या आधी हिराबाई तिथे पोचतात. दोन महिने त्या आप्पासाहेबांना खोकल्याच्या काढ्यासाठी रोज मूठभर फुलं देत होत्या, एकेक देठ तपासून. खोकला गेला, काढा चालूच राहिला.

शुक्रवारी त्या जिना चढून वर आल्या.

"डॉक्टरांना काढ्याचं सांगितलंत का?"

"त्यांनी औषधं विचारली होती. काढा विचारला नव्हता."

"यानं रक्त गोठायला वेळ लागू शकतो. आमच्या ह्यांच्या हर्नियाच्या वेळी नर्सनं झाडपाल्याचंसुद्धा लिहून घेतलं होतं."

"हिराबाई, तुमच्या फुलांत एवढा जोर असता तर मी डॉक्टरांकडे गेलोच नसतो."

"जोर नाही तर पिताय कशाला?"

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. मग चष्म्याची डबी पुसली.

"तारीख गेली तर पुन्हा घरात अडकून बसायचं. मी सांगणार नाही."

हिराबाईंनी वाद घातला नाही. खाली जाऊन कात्री आणली.

वरून खाली. उमललेली, मिटलेली, कळ्या. दोन वर्षं वाट पाहून आलेला बहर अर्ध्या तासात गोणीत. वेल तेवढी ठेवली.

आप्पासाहेब खिडकीतून बघत होते. गोणीचं तोंड बांधलं गेलं तेव्हा त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टर म्हणाले. "काढा आजपासून बंद. ऑपरेशन दोन आठवड्यांनी करू."

मग आप्पासाहेब कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत, तीन मजले खाली उतरले. हिराबाई झाडत होत्या.

"पुढे ढकललं. तुमच्यामुळे."

"बरं."

"काढ्याचं कागदावर लिहून घेतलंय त्यांनी. तुमच्या वेलीच्या नावासकट."

हिराबाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली.

तो शुक्रवार होता, आणि शुक्रवार हा हिराबाईंचा सुट्टीचा वार आहे.